दोनशे चौदा वेळा 'मी'

छापखान्यात सगळे त्याला पाठीमागे 'वेलांटीसाहेब' म्हणत, आणि हे त्याला ठाऊक होतं. एकतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस तो. आपल्याबद्दल कोण काय बोलतं हे त्याला कळणार नाही, असं समजणारे मूर्खच. नावाचं त्याला वाईट वाटत नसे. वाईट एवढंच वाटे, की ते नाव घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना 'पहिली वेलांटी कुठली आणि दुसरी कुठली' असं विचारलं असतं तर त्यांची बोबडी वळली असती.

रविवारी चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसे. तिथून सगळ्यांच्या माना दिसत आणि आपल्याकडे कोणी वळून बघत नसे. पाळकसाहेब उपदेश करू लागले की हा मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करी. देव आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती देवाच्या माणसांबद्दल. पुढच्या बाकावर बसून मोठ्याने 'आमेन' म्हणणारा तो किराणावाला, गाताना डोळे मिटून डोलणाऱ्या त्या दोघी बहिणी, सगळे त्याला एका माळेचे मणी वाटत. आणि त्या माळेत सगळ्यांत जास्त चमकणारा मणी म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

धाकटा दातांचा डॉक्टर होता. दवाखाना उत्तम चालला होता. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तो उपासना संपताना उभा राहिला आणि म्हणाला, "ख्रिस्तामागे जायचं तर हातात काही धरून जाता येत नाही. मी सगळं सोडतोय." सगळी मंडळी रडली. दवाखाना विकला गेला, दाढी वाढली, दोनच सदरे उरले. चर्चच्या मागे, ज्यांना कोणी नाही अशा अंथरुणावरच्या माणसांसाठी एक आश्रयगृह होतं. धाकटा तिथे सेवेला जाऊ लागला. त्याची बायको त्या दिवशी इतरांसारखीच डोळे पुसत होती. पण पुढच्या महिन्यापासून ती सकाळी शाळा आणि संध्याकाळी शिकवण्या करू लागली, तेव्हा तिचे डोळे कोणी पाहिले नाहीत.

"सोडलं भाऊजींनी आणि हाडं झिजतात तिची," वेलांटीसाहेबांची बायको म्हणायची. तिचं सहसा चुकत नसे, म्हणून तिच्याशी त्याचं पटायचं.

दर महिन्याला धाकटा उभा राहून साक्ष द्यायचा. आपण आधी किती दुःखी होतो आणि आता किती सुखी आहोत, हे सांगायचा. प्रत्येक साक्षीत आधीचा दवाखाना थोडा मोठा होत जायचा. पहिल्या वर्षी त्यात एक खुर्ची होती, तिसऱ्या वर्षी चार झाल्या. शेवटच्या बाकावर बसलेल्या थोरल्याला खुर्ची खरी एकच होती हे माहीत होतं. दात तपासताना तिची डावी बाजू कुरकुरायची हेसुद्धा माहीत होतं.

मग एके दिवशी धाकटा हस्तलिखित घेऊन घरी आला. चाळीस पानं, वर सुबक अक्षरात मथळा: 'मी सोडले आणि मला मिळाले'.

"दादा, तुझ्या नजरेखालून गेलं की छापायला देतो. पाळकसाहेब म्हणतात, लोकांना प्रेरणा मिळेल. तू फक्त शुद्धलेखन बघ."

थोरल्याने ते तीन संध्याकाळी वाचलं. दुसऱ्या संध्याकाळी त्याने लाल पेनाने समासात बारीक रेघा ओढायला सुरुवात केली. बायकोने विचारलं, "हे काय मोजताय?" तो म्हणाला, "ढेकर."

शनिवारी दुपारी धाकटा आला. थोरल्याने त्याला समोर बसवलं आणि पानं टेबलावर ठेवली.

"चुका किती निघाल्या?" धाकट्याने हसत विचारलं.

"शुद्धलेखनाच्या त्र्याण्णव. त्या किरकोळ आहेत."

"मग?"

"'मी' दोनशे चौदा वेळा आलाय. 'मला', 'माझे', 'माझ्या' धरलेले नाहीत, तेवढी दया केली. प्रभू येशू एकोणीस वेळा आलाय. त्यातल्या अकरा वेळा तो तुझ्याकडे बघून प्रसन्न झालाय."

स्वयंपाकघरात बायकोला खोकल्याची उबळ आली. खोकला होता की हसू, ते कळलं नाही.

धाकट्याचा चेहरा उतरला. "दादा, तू थट्टा करतोस. पण मी खरंच सुखी आहे."

"दिसतंय. गाल वर आलेत."

"तू कधी तिथे पाऊल तरी टाकलंस का? लांब बसून दात काढायला काय जातं?"

"दात काढायचा धंदा तुझा होता," थोरला म्हणाला. "घराण्याचा गुण म्हणून मलाही थोडा आला."

धाकटा पानं तिथेच टाकून उठला. दारातून म्हणाला, "सतराव्या पानावर लिहिलंय त्या म्हाताऱ्या चित्रकाराला जाऊन भेट. मी रोज त्याला भरवतो. तो काय म्हणतो ते त्याच्या तोंडून ऐक, मग बोल."

सतरावं पान थोरल्याच्या लक्षात होतं. अंथरुणाला खिळलेला एक वृद्ध चित्रकार, लेखकाच्या हातून रोज घास घेणारा, आणि एकदा थरथरता हात लेखकाच्या मस्तकावर ठेवून अश्रुपूर्ण नेत्रांनी आशीर्वाद देणारा. 'अश्रुपूर्ण'मधला 'श्रु' दीर्घ काढला होता. छापण्याआधी तपशील पडताळून पाहणं हे थोरल्याचं कामच होतं. सोमवारी सकाळी आठला, छापखान्यात जाण्याआधी, तो आश्रयगृहाच्या दारात उभा राहिला. खरं सांगायचं तर, भावाला खोटं पाडायला मिळणार म्हणून तो त्या सकाळी फार खुशीत होता.

आत एक लांबट खोली होती. दोन्ही बाजूंना मिळून अकरा खाटा. फिनेलचा वास मुताच्या वासाशी भांडत होता आणि हरत होता. बाह्या कोपरापर्यंत सारलेली एक जाडजूड बाई एका खाटेवरची चादर एका झटक्यात ओढून काढत होती. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत.

"कोण पाहिजे?"

"इथे दातांचे डॉक्टर येतात ना, रोज?"

"येतात. बुधवारी, दहा ते अकरा."

"रोज नाही?"

"प्रार्थना घेतात. आवाज चांगला आहे त्यांचा," बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच थोरल्याला गुदगुल्या झाल्या. एवढ्यावर तो खुशाल परत जाऊ शकला असता. पण बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला फक्त दोन रिकामे हात दिसले. तिने त्या हातांत एक वाडगा दिला. "कोपऱ्यातल्या पेंटरला भरवा. दुधात पाव कुस्करलाय. डाव्या गालात द्या, उजवी बाजू गेलीय त्यांची."

नाही म्हणायचं थोरल्याच्या मनात होतं. पण बाई तोवर तीन खाटा पुढे गेली होती.

पेंटर म्हणजे हाडांचा सापळा, त्यावर आठवड्याची दाढी, आणि त्यात दोन डोळे. ते डोळे थोरल्याला ताबडतोब ओळखीचे वाटले. रोज सकाळी आरशात तसलेच दिसत.

पहिला चमचा अर्धा मानेवर सांडला.

"कोण रे तू?" पेंटरची जीभ जड होती, पण शब्द कळत होते. "चमचा धरता येत नाही?"

"सवय नाही."

"काय करतोस?"

"छापखान्यात असतो. लोकांच्या चुका काढतो."

"म्हणजे जन्मभर रिकामाच."

थोरल्याने दुसरा चमचा जरा जोरातच घातला. "तुम्ही चित्रकार ना?"

"चित्रकार कसला? पाट्या रंगवायचो. या गावातल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या."

थोरल्याचा हात थांबला. "बसथांब्यासमोर सायकलचं दुकान आहे, त्यावर 'दुरूस्ती' लिहिलंय, दीर्घ 'रू' काढून. ते तुम्ही?"

"मीच."

"एकवीस वर्षं मी त्या पाटीखालून जातोय!"

"मग? सायकली दुरुस्त व्हायच्या राहिल्या?"

थोरल्याने तिसरा चमचा भरला. मग मुद्द्यावर आला. "डॉक्टरांच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही आशीर्वाद दिलात म्हणे."

"आशीर्वाद? त्याच्या टकलावर माशी बसली होती."

पुरावा हाती आला होता. वाडगा खाली ठेवून निघायचं, एवढंच बाकी होतं. पण वाडगा अर्धा भरलेला होता, आणि म्हातारा लहान मुलासारखं तोंड उघडून बसला होता. नंतर मानेवरचं दूध पुसावं लागलं. पुसताना खालची चादर ओली लागली. बाई लांबून ओरडली, "साहेब, कुशीवर धरा जरा, आलेच!" त्याने धरलं. जे नाकाला आलं आणि जे हाताला लागलं, त्याबद्दल तो पुढे कधी कोणाजवळ बोलला नाही. त्या दिवशी तो छापखान्यात वीस मिनिटं उशिरा पोचला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. खिळे जुळवणारे जुळारी एकमेकांकडे बघत राहिले.

मंगळवारी तो परत गेला. बायकोला म्हणाला, सतराव्या पानाचं थोडं बघायचं राहिलंय. बुधवारी भाऊ चुकून लवकर येईल म्हणून टाळलं. गुरुवारी गेला तेव्हा सांगायला कारण उरलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलंच नाही.

स्वतःचाही त्याला राग येऊ लागला. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर त्याने त्याला ढोंगी म्हणून कधीच निकालात काढलं असतं. आपण काय, मोठे संत लागून गेलो? म्हाताऱ्याची दाढी करताना तो स्वतःलाच मनातल्या मनात शिव्या घाली, आणि म्हातारा त्याला उघड घाली, त्यामुळे काम एका तालात चाले.

"गाल फुगवा."

"फुगत असता तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"मला कोणी बोलावलेलं नाही."

"तेच म्हणतो मी. बिनबोलावता येतोस, ते येतोस, वर हुकूम सोडतोस."

चार महिने गेले. एकदा चादरी पिळताना त्याने बाईला विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"येतो की. रोज येतो."

"मग?"

"मग काय? तोही येतो, मीही येते."

"प्रभूसाठी करता?"

बाईने चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. "सकाळी प्रभूसाठी म्हणून निघते. नऊ वाजेपर्यंत ते डोक्यातून जातं. हा ओला, तो उपाशी, एवढंच उरतं. गेलं की काम बरं होतं. पिळा नीट."

उत्तर फारच साधं आहे, असं त्याला वाटलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना, हे त्याला नंतर रस्त्यात जाणवलं.

याच सुमाराला प्रकाशकांच्या संघाने त्याचा सत्कार ठरवला. मुद्रितशोधकाचा सत्कार आजवर कोणी केला नव्हता. थोरला वरकरणी म्हणाला, "हारतुऱ्यांची हौस मला नाही." पण उत्तराचं भाषण त्याने बारा वेळा लिहिलं आणि बारा वेळा तपासलं. ज्या लोकांना तो तुच्छ मानत आला, त्यांच्याच टाळ्या ऐकायला त्याचे कान आसुसले होते. हे त्याचं त्याला दिसत होतं, आणि तरी बाराव्यांदा तो पुन्हा लिहायला बसलाच.

सत्काराच्या शनिवारी, चारच्या समारंभासाठी, तो तीनला घरातून निघाला. बायको परस्पर सभागृहात येणार होती. इस्त्रीचा सदरा, खिशात भाषण. वाटेत पाच मिनिटं डोकवावं म्हणून तो आश्रयगृहात शिरला. पेंटरच्या पाठीला पडून पडून शय्याव्रण झालं होतं, ते दोन दिवसांपासून चिघळलं होतं आणि अंगात ताप होता. आत दुसराच गोंधळ. खिडकीजवळच्या म्हाताऱ्याला धाप लागली होती आणि बाई त्याला इस्पितळात न्यायला निघाली होती. तिची मदतनीस आजारी होती.

"पेंटरजवळ कोण थांबणार?" त्याने विचारलं.

"बघते. मिळेल कोणीतरी," बाई म्हणाली. तिने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिने त्याला सांगितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. तिने सांगितलंच नाही.

बाईला आणि त्या म्हाताऱ्याला घेऊन गाडी गेली. थोरला खाटेशी उभा राहिला.

"जा," पेंटर म्हणाला. "तुझा काहीतरी मानपान आहे ना आज?"

"कोणी सांगितलं?"

"इस्त्रीने. जा, मी एवढ्यात मरत नाही."

"ते तुमच्या हातात नाही."

"तुझ्याही नाही. जा म्हणतो ना!"

थोरल्याने घड्याळ पाहिलं. साडेतीन. मग त्याने सदरा काढून खुंटीला टांगला, नुसत्या बनियनवर राहून पाणी गरम केलं, आणि म्हाताऱ्याला कुशीवर वळवून जखम धुवायला घेतली. पू निघत होता. म्हातारा कण्हत होता आणि कण्हण्याच्या मधल्या फटीत शिव्या देत होता. कापूस बुडवायचा, पिळायचा, टेकवायचा, टाकायचा. पुन्हा बुडवायचा. सभागृहात दिवे लागले असतील, असं एकदा त्याच्या मनात आलं. नंतर काहीच आलं नाही.

पट्टी बांधून त्याने मान वर केली तेव्हा सव्वापाच झाले होते. म्हातारा झोपला होता. थोरल्याच्या लक्षात आलं की गेला सव्वा तास आपण आपल्या डोक्यात नव्हतोच. ना भाषण, ना भाऊ, ना कोणाची चूक. आणि त्या रिकाम्या जागेत कुठून तरी सुख येऊन बसलं होतं. साधं, मोठं, न विचारता आलेलं. त्याने ते संशयाने तपासून पाहिलं. हे टाळ्यांचं नव्हतं, कारण टाळ्या तर तिकडे सभागृहातच राहिल्या होत्या. स्वतःच्या चांगुलपणाचंही नव्हतं. चांगुलपणा वगैरे आठवायला वेळच मिळाला नव्हता. प्रभूमागे चालायचं म्हणजे त्याच्या पाठीमागे राहायचं, आणि मागे राहणाऱ्याला आपला स्वतःचा चेहरा दिसत नाही, एवढी सोपी गोष्ट साठीला येईपर्यंत आपल्याला कळू नये? तो त्या ओल्या खाटेच्या कडेला बसला आणि त्याने प्रार्थना केली. शब्द धड जुळले नाहीत. त्याने ते तसेच जाऊ दिले.

सहाला धाकटा, त्याला चर्चमध्येही शोधून, धापा टाकत आत आला. "दादा! तिथे सगळे दोन तास खोळंबलेत. वहिनींचा जीव टांगणीला लागलाय. अरे, तू इथे..." मग त्याने बनियन पाहिलं, पुवाचा कापूस पाहिला, झोपलेला म्हातारा पाहिला. त्याचे डोळे भरून आले. "दादा! हाच तो शेवटचा अध्याय! हाच राहिला होता पुस्तकात!"

थोरल्याच्या मनातली सगळी जुनी तुच्छता एका क्षणात दाटून आली. "खबरदार, एक अक्षर लिहिलंस तर."

"पण लोकांना कळायला नको?"

"कळलं की संपलं. आधी हे धुऊन आण." आणि त्याने खाटेखालचं भांडं भावाच्या हातात दिलं.

धाकट्याने भांडं दोन्ही हातांनी धरलं. तीन वर्षांत त्याच्या हाती प्रार्थनेचं पुस्तक आलं होतं, हे कधी आलं नव्हतं. तो बाहेर गेला. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आला तेव्हा कोपरापर्यंत भिजला होता आणि त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"वास जात नाही रे हाताचा."

"नाही जात."

धाकटा खाली जमिनीवर बसला. मग म्हणाला, "मी फक्त बुधवारी यायचो, दादा."

"ठाऊक आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस? तुला तर पर्वणीच होती."

थोरल्याने विचार करून पाहिला. "राहून गेलं," तो म्हणाला. "इथे काम फार असतं."

पुस्तक छापलं गेलं नाही. दोन महिन्यांनी धाकट्याने सरकारी इस्पितळात दात काढायची नोकरी धरली आणि बायकोच्या संध्याकाळच्या शिकवण्या बंद केल्या. आता संध्याकाळी तो घरी भाज्या चिरतो, आणि जे दोन दिवस मोकळे मिळतात ते आश्रयगृहात भांडी धुतो. साक्ष द्यायला उभा राहत नाही. मंडळीत कुजबुज झाली की डॉक्टरांचा विश्वास थंडावला, पुन्हा संसारात पडले. किराणावाल्याने तर त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थनासुद्धा केली. शेवटच्या बाकावर थोरल्याने ती ऐकली आणि दात आवळले. काही माणसं सुधारण्यापलीकडची असतात, हे त्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

पेंटर त्यानंतर फार दिवस काढू शकला नाही. एका रविवारी भर दुपारी, थोरला त्याला पाणी पाजत असताना, "सांडतोस किती, बैला," म्हणाला, आणि पुढचा घोट त्याने घेतला नाही. दफनाला बाई, दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि पाळकसाहेब, एवढीच माणसं होती. थोरल्याने खोऱ्याने माती लोटली आणि मनात म्हटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो आश्रयगृहाच्या दारात होता. बाईने वाडगा हातात दिला. कोपऱ्यातली खाट भरलेली होती. सभासमारंभांत भाषणं करून म्हातारा झालेला एक गुबगुबीत गृहस्थ कालच आला होता. दोन्ही पाय गेलेले, बोटं आखडून चमचाही धरता येत नाही, पण तोंड शाबूत. पहिला चमचा पोटात जाताच त्याने हात जोडले.

"आपल्यासारखी देवमाणसं आहेत म्हणून हे जग चाललंय, साहेब! आपले आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. आपल्या मुखावरचं ते तेज..."

थोरल्याच्या अंगावर काटा आला. त्या म्हाताऱ्या बैलाच्या शिव्या परवडल्या असत्या. हा माणूस अजून पाच वर्षं सहज जगेल, आणि रोज आभार मानेल. त्याने वाडग्यात चमचा बुडवला.

"तोंड उघडा," तो म्हणाला.